फ्लोट वर येत नव्हता

भर दुपारी वीज गेली, मोठा पंप बंद पडला आणि अंधाऱ्या तळघरात घोटाभर पाणी चढलं. बॅटरीवरचा जादा पंप मात्र ढिम्म. पाण्याबरोबर फ्लोट, म्हणजे त्याचा तरंगता गोळा, वर आला की तो सुरू व्हायचा. पण फ्लोट पंपासाठी खणलेल्या खड्ड्याच्या तळाशीच बसून होता.

मागच्या खाटेवर खुबा मोडलेले वडील. मुलाला त्यांना एकट्यानं उचलून वर नेणं शक्य नव्हतं.

"गाढवा, तुला हा पंप विकणारा अजून हसत असेल!" ते ओरडले.

"बाबा, गप पडा हो!"

टॉर्च दातांत धरून त्यानं खड्ड्यात खांद्यापर्यंत हात घातला. फ्लोटभोवती बोटं होती. गार, घट्ट आवळलेली बोटं.

त्याचं डोकंच फिरलं. पाना उचलून तो त्या बोटांवर तुटून पडला. एक हाड मोडलं, ते हाताला कळलं. दुसरं मोडलं. तरी तो मारतच राहिला, दातांतल्या टॉर्चमागून शिव्या हासडत राहिला. शेवटी बोटं सुटली. फ्लोट उसळून वर आला, पंप घरघरला.

दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून तो धापा टाकत होता, तेवढ्यात मागून वडील किंचाळले, "अरे, पाय सोड माझा! किती जोरात पिळतोयस!"