स्टार्टरवरची टकटक

बाबा गेले त्याच्या आदल्या सकाळीही आमची जुनी पिकअप सुरू होत नव्हती. त्यावर आमचा ठरलेला इलाज होता. मी किल्ली धरून बसायची. बाबा बॉनेट उघडून पान्याने स्टार्टरवर ठोकायचे आणि मग मडगार्डवर तळहाताने एक थाप द्यायचे. थाप पडली की मी किल्ली फिरवायची.

“आटपा ना, बाबा. म्हातारीला किती गोंजारणार?”

“तुझ्यावरच गेलीये. हलवल्याशिवाय उठत नाही.”

महिन्याभराने दादा म्हणाला, “संध्याकाळपर्यंत सुरू झाली तर ठेव. नाहीतर भंगारात.”

मेकॅनिकने सगळं तपासलं. “बॅटरी ठणठणीत आहे, ताई. स्टार्टर अडकतोय. दुसरा घेऊन येतो.” बॉनेट लावून तो निघून गेला.

अंगणात छान ऊन पडलं होतं. मी आत बसले आणि सवयीने किल्ली धरली.

समोरून टकटक ऐकू आली, लोखंडावर पाना पडावा तशी.

समोर कोणी नव्हतं. बॉनेट घट्ट बंद होतं. आवाज थांबला आणि जरा जागा बदलून पुन्हा आला. बाबा असंच ठोकत. मी खाली उतरले नाही.

मग मडगार्डवर थाप पडली. बाजूचा आरसा थरथरला.

किल्ली फिरवली तर गाडी सुरू होणार, याची मला खात्री होती. मग ठोकायचं काम उरणार नव्हतं.

मी हात काढून मांडीवर ठेवला. थोड्या वेळाने टकटक पुन्हा सुरू झाली.

“सावकाश होऊ द्या, बाबा,” मी पहिल्यांदाच म्हणाले. “मला काही घाई नाही.”