काचेतला माणूस

“म्हणजे आता खऱ्या माणसांची तुम्हाला गरजच उरली नसेल?” ललिताबाईंनी विचारलं. आवाजातला आनंद लपवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण तो काही जमला नाही.

परळच्या एका मेडिकल कॉलेजात, शरीररचना विभागात त्या उभ्या होत्या. समोर पलंगाएवढं काचेचं टेबल, आणि काचेत एक उघडाबंब पुरुष उताणा पडलेला. हा संगणकातला माणूस. काचेवर बोट ओढलं की चिरला जाणारा. पेपरात त्याची बातमी आल्यापासून त्यांच्या यजमानांना, रघुवीररावांना, चैन नव्हतं. विमा कंपनीतून निवृत्त झाल्याझाल्या त्यांनी याच कॉलेजात देहदानाची नोंद केली होती. आपल्या जागी कोण आलंय ते एकदा डोळ्यांनी बघायचंच होतं त्यांना.

ललिताबाई मात्र वेगळ्याच आशेनं गिरगावातून बसमध्ये चढल्या होत्या. यंत्र आलंच आहे तर नवऱ्याचं नाव यादीतून आपोआप कटेल. सुंठीवाचून खोकला जाईल. सासू-सासरे रीतसर चंदनवाडीच्या स्मशानात गेले, बाणगंगेवर त्यांचे दहावे झाले. आणि हे तेवढे पोरापोरींच्या हाताखाली जाणार!

“आधी बघा तरी, काकू,” डॉक्टर ऋता म्हणाली. ती इथे शिकवायची. तिनं काचेवर बोट ओढलं, आणि कांद्याचा पापुद्रा निघावा तशी त्या माणसाची कातडी निघाली.

“अगं, बघ, बघ! जठर!” रघुवीरराव लहान मुलासारखे ओरडले.

ललिताबाईंनी पदर नाकाला लावून तोंड फिरवलं. वास कसलाच येत नव्हता, हे त्यांच्या जरा वेळानं लक्षात आलं. मग त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. मग सरळच पाहिलं.

“गुडघा दिसेल का हो यात?”

ऋतानं गुडघा मोठा करून दाखवला. ललिताबाई चष्मा सावरत वाकल्या. “एवढीशीच गादी? आणि हिच्या जिवावर मी चाळीचे जिने चढते?” मग त्यांनी स्वतःच बोट लावलं. वाटी बाजूला केली, स्नायू उचलला, परत ठेवला. रघुवीरराव आपली पाळी यायची वाट बघत बसले.

“याचं एकही ऑपरेशन झालेलं नाही वाटतं?” ललिताबाईंनी विचारलं.

“नाही. परदेशातल्या कुणा तरुणाच्या देहावरून बनवलाय. सगळं जिथल्या तिथं.”

“आमच्या यांचं तसं नाही,” ललिताबाई बोलून गेल्या, आणि त्यात थोडा अभिमानही उतरला.

रघुवीररावांना तेवढंच पुरे झालं. हर्नियाची जाळी, काढलेलं पित्ताशय, हृदयातला स्टेंट... मुलगी बघायला गेलेल्या मुलानं नोकरी आणि ब्लॉक सांगावा, तसे ते एकेक सांगत सुटले. ऐकता ऐकता ऋताचे डोळे चमकले. ते ललिताबाईंना मुळीच आवडलं नाही.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला दर्शना नावाची विद्यार्थिनी काचेतल्या माणसाची मांडी चिरत होती. तिच्याकडून भलतीच नस कापली गेली. “च्यक,” ती म्हणाली, एक बटण दाबलं, आणि नस जोडली गेली.

“असं कितीदा करता येतं गं?”

“कितीही वेळा, आजी.”

“मग उत्तमच की!” ललिताबाई ऋताकडे वळल्या. “आता यांना कशाला त्रास?”

“हा खूप शिकवतो, काकू. पण याला कापताना कुणाचा हातच थरथरत नाही,” ऋता म्हणाली. “खऱ्या माणसासमोर पहिल्या दिवशी मुलं फुलं ठेवतात, शपथ घेतात. तरी पहिला हात लावायला कुणी पुढे येत नाही. ते भ्यायलेले हात मला हवे असतात.”

कितीतरी दिवस आत ठेवलेलं ललिताबाईंनी विचारून टाकलं. “मुलं हसतात का हो?”

“पहिल्या दिवशी नाही. पुढे हसतात कधीकधी, आपापसांत. त्यांना नाही हसत.”

हे उत्तर गोड नव्हतं, म्हणूनच ललिताबाईंना ते खरं वाटलं.

“अगं, सही तर मी कधीच केलीय,” रघुवीरराव मध्येच म्हणाले.

“सही काकांची,” ऋता म्हणाली, “पण त्या वेळी आम्हाला फोन काकूंनी करायचा असतो. नाही केला तर आम्ही विचारायलाही येत नाही.”

ललिताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ज्या गोष्टीनं त्यांची झोप उडवली होती, तिची दोरी त्यांच्याच हातात होती.

“अहो, हे मला कधी सांगितलं नाहीत?”

रघुवीररावांचं बोट काचेवर होतं तिथंच थांबलं. “तू नको म्हणाली असतीस,” ते हळूच म्हणाले.

ललिताबाईंनी त्या परक्या माणसाचा गुडघा नीट झाकला, त्याची कातडी परत जागेवर आणली आणि पदराला हात पुसले. रघुवीरराव त्यांच्या तोंडाकडे बघत उभे होते. निघता निघता दारापाशी त्या थांबल्या, आणि ऋताच्या अगदी जवळ जाऊन म्हणाल्या,

“मुलांना एक सांगून ठेवा हं, डॉक्टर. यांना डाव्या कुशीला भारी गुदगुल्या होतात. तिथं जरा बेतानं.”