चष्म्यातली सिस्टर

भोईटेकाकांच्या खाटेवरची चादर बदलून झाली, तरी डॉक्टर निहार तिथून हलला नाही.

"पाय सुजलेला तुम्हाला सकाळीच दिसला होता, सिस्टर?"

"हो," प्रणोती म्हणाली. "तुम्ही विचाराल म्हणून थांबले. सरावातले डॉक्टर विचारतात."

"सरावातली सिस्टर आपणहून सांगते," तो पुटपुटला.

दुपारी त्याच पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊन काका दगावले होते.

मेडिकल आणि नर्सिंगची वेळापत्रकं कधी जुळलीच नाहीत, म्हणून दोन्ही कॉलेजांनी सरावाचे चष्मे आणले; डोळ्यांवर चढवले की आभासी वॉर्ड आणि त्यातली माणसं दिसायची. तो चष्म्यातल्या सिस्टरबरोबर शिकला, ती चष्म्यातल्या डॉक्टरबरोबर. 'एकत्र काम' या विषयात दोघांनाही पैकीच्या पैकी मार्क होते.

चौकशी समितीने दोघांना पुन्हा सरावाला पाठवलं, शेजारशेजारच्या खोल्यांत.

प्रणोतीने चष्मा चढवला. समोर खाट होती, पेशंट होता. चष्म्यातल्या डॉक्टरने आपुलकीने विचारलं, "सिस्टर, तुम्हाला काय वाटतं?"

"पाय सुजलाय, डॉक्टर," एवढं म्हणताना तिला रडू फुटलं.

भिंतीपलीकडून निहारचा आवाज आला. तो कुणाला तरी म्हणत होता, "बरं झालं सांगितलंत, सिस्टर."