कानबाईचं कापड

बाहेरून टर्बो बसवल्यावर माझी गाडी महिनाभर वाऱ्यासारखी पळाली. श्रावणात घरच्या कानबाई देवीचं विसर्जन झालं आणि तेव्हापासून काय बिनसलं कळेना. जळगाव-धुळे रस्त्यावर ओव्हरटेकसाठी पाय दाबला की मीटरवरचं प्रेशर पडायचं आणि केळीचा ट्रकसुद्धा मला हॉर्न मारून पुढे जायचा. जेवतानाही डोक्यात तो काटाच फिरायचा.

गॅरेजमध्ये प्रेमराजभाऊ आधी बॉनेटखाली मायने बांधलेलं कानबाईचं हातभर लाल कापड कपाळाला लावायचा, बाजूला करायचा, मगच काम सुरू. त्याने पाइपांवर साबणाचं पाणी मारलं, क्लॅम्प बदलले, धूर सोडून पाहिला. हवा कुठेच गळत नव्हती. काम झालं की कापड पुन्हा होतं तसं नीट सोडायचा.

शेवटी वैतागून त्याने बॉनेटच्या आत मोबाईल बांधला आणि मला हायवेला पिटाळलं. व्हिडिओत दिसलं ते असं: पाय दाबला की ते कापड ओढलं जाऊन एअर फिल्टरला गच्च चिकटायचं, पाय काढला की खाली पडायचं. हवा गळत नव्हती, आत शिरतच नव्हती.

घरी जाऊन तो व्हिडिओ मायसमोर धरला. "पाहा तुझ्या कानबाईने काय केलं ते."

मायने शांतपणे पाहिला आणि हात जोडले.

"कानबाई पावनी ना मग. 'मना पोऱ्यानी गाडी हाळू चालू दे', इतलंच मांगं व्हतं मी."