आठ जणींचं तिकीट

"पदरचं काही घालायचं नाहीस. पाहिलंस तेवढंच सांगायचं. तिकीट तुझं नाही, जिन्याचं आहे," सासूबाई सांगून गेल्या होत्या. तो शब्द शिवणवाली नेमासारखा पाळत आली होती. आज मात्र सिनेमाघरातून परतताना तिची पावलं जड झाली होती.

चाळीतल्या त्या जिन्याचा रिवाज जुना. सात बिऱ्हाडांतल्या सात बायकांनी दहा-दहा पैसे काढायचे, एकीला दुपारच्या खेळाला धाडायचं आणि संध्याकाळी पायऱ्यांवर बसून तिच्या तोंडून अख्खा सिनेमा ऐकायचा, गाण्यांसकट. आधी सासूबाई जायच्या, त्यांच्यामागे शिवणवाली. पलीकडच्या गल्लीतल्या बायका सिनेमा स्वतः पाहून यायच्या आणि पुन्हा हिच्याकडून ऐकायला पायऱ्यांवर दाटीवाटीने बसायच्या. "तिथे नुसता दिसतो गं, इथे कळतो," म्हणायच्या. जिन्याची मान ताठ व्हायची.

त्या वर्षी साबणाची वडी महागली, दूध महागलं, काडेपेटीसुद्धा महागली. मग तिकीट तरी मागे कशाला राहतंय? आज सकाळी कळलं, सत्तर पैशांचं तिकीट ऐंशी झालं. दहा पैसे कमी पडत होते. तेवढ्यात शेवटच्या खोलीतली धाकटी सून, नुकतीच लग्न होऊन आलेली आणि अजून वर्गणीत नसलेली, पुढे झाली आणि तिने मूठ उघडली. आत दहा पैसे होते, घामाने ओले.

आणि आज नेमका घात झाला. नायिका धावत धक्क्यावर पोचली, बोटीचा भोंगा वाजला, नायकाने मागे वळून पाहिलं न पाहिलं, तोच सिनेमाच्या यंत्रातला दिवा फुटला. अंधारात शिट्ट्या, आरडाओरडा. दारावरचा माणूस ओरडून सांगत होता, "उद्या याच खेळाला या! तिकिटाचा तुकडा दाखवा, फुकट सोडू!"

उद्या शिवणवालीला बँडवाल्यांचे बारा कोट द्यायचे होते. शब्द दिला होता.

रस्ताभर तिच्या मनात शेवट घोळत होता. नायक बोटीवरून उडी मारतो. नायिकेचा रुमाल पाण्यावर तरंगतो, तो रुमालाकडे पोहत येतो... इतका छान जमला होता, की तिच्याच अंगावर काटा आला. कुणाला कळणार होतं?

संध्याकाळी ती तिसऱ्या पायरीवर बसली. टेलिफोनच्या कचेरीत काम करणारी नायिका तिने उभी केली, तिच्या कानातल्या लोंबत्या डुलांसकट. गाणं म्हटलं. खलनायकाचं हसणं असं हसली, की वरच्या मजल्यावरचं मूल रडायला लागलं. बोटीचा भोंगा वाजवला. आणि थांबली.

"मग?" भाजीवाल्या मावशीने मान पुढे काढली.

रुमालाचा तो शेवट ओठांपर्यंत आला होता.

"पुढचं मी पाहिलं नाही," शिवणवाली म्हणाली. "दिवा फुटला."

सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

"अगं, मग लावून दे ना त्यांचं लग्न! कोण जातंय पडद्यामागे विचारायला?"

"ऐंशी पैसे मोजले बाई, आणि नवरा अजून बोटीतच!"

"तुझ्या सासूबाई अशा कधी अडकल्या नव्हत्या हो," मावशीने टोमणा मारला.

शिवणवालीचा चेहरा उतरला नाही. उलट ती जरा सरळ बसली. "अडकल्या असत्या, तर त्याही इथेच थांबल्या असत्या."

मावशीने हळूच मान डोलावली. तिने सासूबाईंना तीस वर्षं ऐकलं होतं.

शिवणवालीने तिकिटाचा तुकडा समोर धरला. "उद्या मला जमणार नाही. कोण जातं?" एकीची धुणी होती, एकीकडे पाहुणे. शिवाय जाणं सोपं. येऊन सांगायचं कुणी?

"मी जाऊ?"

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. धाकटी सगळ्यांत वरच्या पायरीवर उभी होती.

"तू?" मावशी हसली. "बाई गं, तू कोथिंबीर मागतेस तेव्हा मला टोपलीमागून उठून तुझ्या तोंडाशी कान न्यावा लागतो!"

हशा पिकला. धाकटीचे कान लाल झाले, पण ती हलली नाही. "जसं असेल तसं सांगेन," ती म्हणाली. "पदरचं नाही घालणार."

हे वाक्य तिला कुणी शिकवलं नव्हतं. शिवणवाली पायऱ्या चढून गेली आणि तुकडा तिच्या हातात ठेवून तिने वरून मूठ मिटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिवणवाली खिडकीशी मशीनवर अकराव्या कोटाला पितळी बटणांची पट्टी लावत होती. खेळाला निघालेल्या धाकटीच्या चपलांचा आवाज जिन्यावर आला. मावशी खाली टोपलीपाशी बसली होतीच.

"काय गं, नायक बोटीतून उतरतो का निघून जातो? तुला काय वाटतं?"

धाकटी थांबली. मूठ तशीच घट्ट.

"मला वाटून काय उपयोग, मावशी?" ती म्हणाली. "संध्याकाळी पायरीवर या."

ते शिवणवालीला वर खिडकीत स्वच्छ ऐकू आलं. मशीनचं चाक तिने हाताने थांबवलं, आणि धाकटी कोपऱ्यावर वळेपर्यंत धरून ठेवलं.