नोव्हेंबरात, निवांत

"सप्टेंबरात न्यू ऑर्लिन्स? वेड लागलंय का तुला?" गंबोच्या रश्श्यासाठी भेंडी चिरता चिरता युजेनीबाईंनी लेकीकडे पाहिलं. "त्या उकाड्यात माझी उकड काढायचीय वाटतं!"

"ममा, हॉटेलात एसी असतो."

"एसीत बसायला इतक्या लांब कशाला? इथे ह्यूस्टनमध्ये काय कमी आहेत? नोव्हेंबरात जाऊ. आगगाडीने. निवांत. घाई कसली?"

क्लॉटिल्डने लॅपटॉपवरची नजर हलवली नाही. घाई कसली, तेच तिला सांगता येत नव्हतं.

दोन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांचा फोन आला होता. तपासण्यांच्या वेळी म्हातारीने त्यांना बजावून ठेवलं होतं, "मला काही सांगू नका, जे काय असेल ते माझ्या पोरीला सांगा." त्यांनी पोरीला सांगितलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर. फार तर ख्रिसमसपर्यंत. कुठे न्यायचं असेल तर लवकर न्या.

त्या संध्याकाळी घरी येऊन क्लॉटिल्ड म्हणाली, "पित्ताचे खडे आहेत, ममा. तळलेलं बंद."

"एवढंच ना?" म्हणत आईने टीव्हीचा आवाज वाढवला.

तेव्हापासून क्लॉटिल्डला अन्न गोड लागत नव्हतं. आपण आईशी धडधडीत खोटं बोललो, ही टोचणी होतीच. तिच्याखाली आणखी एक जुनी होती. गेल्या ऑक्टोबरअखेर न्यू ऑर्लिन्सच्या घरी वडील गेले. दफन उरकलं आणि क्लॉटिल्डने आईला गाडीत घालून थेट ह्यूस्टनला आणलं. "चार दिवस थांबू या ना," आई म्हणाली होती. "कामावर जायचंय, ममा," ती म्हणाली होती. पुढे तिथलं घरही फोनवरूनच विकलं.

दफनाच्या वेळचं तिला धड आठवतही नव्हतं. त्या शहरात जरा खणलं की पाणी लागतं, म्हणून घराण्याचं एकच थडगं, जमिनीवर बांधलेलं, आणि सगळे त्यातच. अल्सीद गवंड्याने शेवटची वीट बसवली, थापी पुसली आणि नेहमीसारखं बजावलं, "वर्ष आणि एक दिवस आता हे दार उघडणार नाही, हं. तोवर घरात कुणी मरायचं नाही!"

सगळे खोखो हसले होते, कारण सगळ्यांना फिलोमेन आत्या आठवली. नवऱ्यामागोमाग चार महिन्यांत ती गेली, आणि थडगं बंद म्हणून भाड्याच्या कप्प्यात, परक्या माणसांत पडून राहिली. "जन्मभर हिला कशाची वाट बघवली नाही," डोळे पुसत युजेनीबाई म्हणाल्या होत्या. सगळे हसत होते तेव्हा क्लॉटिल्ड घड्याळ बघत होती. आता ते आठवलं की तिला स्वतःची लाज वाटायची.

म्हणून ही सुट्टी आईला हवी तशी द्यायची, एवढंच तिने मनाशी धरलं होतं. अंगण असलेलं हॉटेल, सकाळी चिकोरीची कॉफी आणि पिठीसाखरेत घोळलेले गरम तळलेले बेन्ये, दुपारी ट्राममध्ये बसून या टोकापासून त्या टोकापर्यंत उगाच हिंडायचं. फक्त आई टिकायला हवी होती.

"सप्टेंबरात तिकिटं स्वस्त आहेत, ममा."

"वादळात उडून गेलीस तर तेही पैसे वाचतील."

"बरं, ऑक्टोबर?"

"नोव्हेंबर. कालवं तेव्हाच चांगली मिळतात."

"तू हट्टी आहेस."

"तुझ्या बापाला विचार!"

ऑक्टोबरात म्हातारीचे गाल बसले. जेवण दोन चमच्यांवर आलं. रोज संध्याकाळी खरं सांगून टाकायचं ठरवून क्लॉटिल्ड तिच्या खोलीत जायची आणि पाण्याचा पेला ठेवून परत यायची. एकदा धीर करून म्हणाली, "ममा, मला तुला एक सांगायचंय..."

"आधी माझं ऐक. परतीचं तिकीट आत्ताच काढू नकोस. परतीची तारीख डोक्यावर बसली की सुट्टीत मजा काय?"

आईने बॅगेत फारसं काही भरलं नाही. पांढऱ्या कॉलरचा निळा ड्रेस मात्र इस्त्री करून घेतला.

"हा तर चर्चचा ड्रेस, ममा. सुट्टीत कशाला?"

"मी काय गबाळ्यासारखी जाऊ?"

क्लॉटिल्डने इस्त्री केली, आणि मग न्हाणीघरात नळ सोडून रडली. आपण वेळेत खरं बोललो असतो तर आई सप्टेंबरातच सुट्टीला आली असती, धड चालत, धड खात. आता काय उरलं होतं?

तरी नोव्हेंबर आला आणि आई होती. गाडीत ती खिडकीशी बसून राहिली. पहिल्या दिवशी कॉफी प्यायली, बेन्येची साखर नाकाला लावून घेतली. दुसऱ्या दिवशी ट्राममध्ये ड्रायव्हरची थट्टा केली. तिसऱ्या दिवशी निळा ड्रेस घातला आणि म्हणाली, "चल, तुझ्या बापाला भेटू."

सर्व संतांचा सण नुकताच होऊन गेला होता. थडग्यांना ताजी सफेदी होती, कुंड्यांत शेवंती होती. अल्सीद बादली घेऊन कोपऱ्यात हात धूत होता. क्लॉटिल्डने आईला पायरीवर बसवलं. आता लपवणं तिच्याने होईना.

"ममा, ते पित्ताचे खडे... मी तुझ्याशी..."

"थांब गं जरा." आईने तिचा हात हातात घेतला आणि गवंड्याला हाक मारली. "अल्सीद, वर्ष आणि एक दिवस झाला ना रे?"

"गेल्याच आठवड्यात झाला, बाई."

युजेनीबाईंनी नवऱ्याच्या विटांवर पाठ टेकली आणि निळ्या ड्रेसची कॉलर नीट केली.

"चला, जमलं बाई! क्लो, आता काढ परतीचं तिकीट. तुझ्या एकटीचं."