झाकणावरचं नाव

"दादा, आजपण तुमचा डबा नेऊ का? माझ्याचं झाकण बसत नाय."

तव्यावरची भाकरी उलटत धोंडीरामने विचारलं. धनाजी बूट घालत होता. "ने की," तो म्हणाला. स्टीलचा साधा डबा. लग्नात बबीताच्या मामांनी दिलेला, झाकणावर नावं घातलेला. धनाजीबरोबर अकरा वर्षं दोह्यात होता.

फरीज बिन ओमरान वस्तीतल्या एका खोलीत दोघं राहायचे. दोघंही ड्रायव्हर, आणि सध्या एकाच कामावर. मुशैरिबमधल्या एका हॉटेलात शांततेची बोलणी चालली होती. आफ्रिकेतल्या एका नदीच्या पाण्यावरून दोन जमाती सहा वर्षं एकमेकींची गावं जाळत होत्या, एक नदीच्या वरच्या अंगाची, दुसरी खालच्या. एका आंतरराष्ट्रीय शांतता मिशनने दोन्हीकडच्या म्हाताऱ्या म्होरक्यांना इथे आणून समोरासमोर बसवलं होतं. वरच्यांचा म्होरक्या धनाजीच्या गाडीत, खालच्यांचा धोंडीरामच्या.

बोलणी संपली की मिशन एका ड्रायव्हरला कायम करणार होतं. कायम म्हणजे फॅमिली व्हिसा. बबीता येणार! धनाजीने मनातल्या मनात पडद्यांचा रंगसुद्धा ठरवून टाकला होता.

पण कसलं काय! त्याचा म्हातारा म्हणजे दगड. सलाम केला तरी मान हलायची नाही. आणि धोंडीरामचा म्हातारा? धोंडीरामच्या खांद्यावर हात टाकून लिफ्टपर्यंत जायचा. दोन वर्षांपूर्वी आलेला माणूस, अजून रस्ते धड माहीत नाहीत, आणि त्याचे हे लाड! बघून धनाजीचा नुसता जळफळाट व्हायचा.

"भाकरीची कमाल हाय, दादा," धोंडीराम सांगायचा. "त्यांच्यातबी ज्वारीच खात्यात. हॉटेलातलं त्यांच्या घशाखाली उतरत नाय. आन् तुम्ही काळजी सोडा. वहिनी या साली येत्यात बघा."

वर हा टोमणा!

बाराव्या दिवशी दुपारी हॉटेलच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये धनाजी रोजच्यापेक्षा लवकर पाणी घेऊन परतत होता. धोंडीराम डबा घेऊन आला आणि त्याने थेट धनाजीच्याच गाडीची मागची काच वाजवली. काच खाली झाली. आतला दगड चक्क हसला. म्हाताऱ्याने डब्यातली उरलेली अर्धी भाकरी घेतली, कपाळाला लावली आणि खाल्ली. मग धोंडीरामच्या डोक्यावर हात ठेवला.

म्हणजे आपला म्हातारासुद्धा याने पळवला! धनाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि त्याला नियम आठवला. सह्या होईपर्यंत एका बाजूची कुठलीही वस्तू दुसऱ्या बाजूला जाता कामा नये. रिदा मॅडमनी पहिल्याच दिवशी सगळ्या ड्रायव्हरांना बजावलं होतं.

रिदा मिशनची अधिकारी, मूळची कराचीची. धनाजीने तासाभरात तिला गाठून हिंदीत सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि वहीत टिपलं. खलास, धनाजी मनात म्हणाला, आता एकटा मीच उरलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी रिदाने त्याला बोलावलं. टेबलावर डबा होता. अरे देवा, डबा तर आपला! आता दोघांनाही विमानात बसवतील.

"हा डबा कोणाचा?"

"धोंडीरामचा, मॅडम."

"तो म्हणतो, तुमचा. डबाही दादांचा आणि भाकरीही दादांचीच, मी नुसता पोचवतो. काल शपथ घेऊन सांगितलं त्याने."

हरामखोर! स्वतः बुडताना मलाही ओढतोय. "खोटं बोलतोय तो. माझा काही संबंध नाही."

रिदाने झाकण पुढे सरकवलं. "यावर काहीतरी कोरलंय. तुमचं हिंदी मला समजतं, पण ही लिपी वाचता येत नाही. वाचा."

बारीक ठिपक्यांची अक्षरं होती. चि. धनाजी व सौ. बबीता. धनाजीने त्यांवर बोट ठेवलं.

"धोंडीराम," त्याने वाचलं.

"नक्की?"

"आईची शपथ, मॅडम."

"मग तसं लिहून द्या."

त्याने लिहून दिलं आणि खाली झोकात सही ठोकली.

रिदाने कागद फाइलमध्ये ठेवला. "मला वाटलं होतं, तुम्हीच असाल," ती म्हणाली. "त्या जमातींत एका भांड्यातलं खाल्लेली माणसं एकमेकांवर हत्यार उचलत नाहीत. बारा दिवस दोघं म्होरके या डब्यातली अर्धी अर्धी भाकरी खात होते. आम्ही वर नकाशे पसरून बसलो होतो, आणि समेट खाली पार्किंगमध्ये झाला. आज सकाळी दोघांनी सह्या केल्या. जाताना एकच मागणं मागितलं. कायमची नोकरी या डब्याच्या मालकाला द्या."

तिने फाइलमधून एक पत्र काढलं. इंग्रजी होतं, पण तीनदा व्हिसाचे फॉर्म भरून बबीताचं नाव इंग्रजीत कसं दिसतं ते धनाजीला पाठ झालं होतं. त्याच्या नावाखालीच ते छापलेलं होतं.

रिदाने पेनचं टोपण काढलं, दोन्ही नावांवर एक सरळ रेघ मारली आणि विचारलं, "धोंडीरामचं आडनाव काय?"